टकळी आणि मी

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. तुमच्या दोन तळव्यांत मावेन एवढाच. कपाटाचा मोठा आरसा कापताना उरलेला तुकडा मी. काचवाल्यानं माझ्या कडा घासल्या, सुतारानं चौकट ठोकली आणि बालवर्गाच्या बाई मला घेऊन गेल्या. वाटलं, आता माझ्यात बघून कुणी भांग पाडेल. पण माझ्या नशिबी आल्या जिभा!

बाई मुलांना माझ्यासमोर बसवून 'ळ' शिकवत. 'ळ'नं एकही शब्द सुरू होत नाही, म्हणून भिंतीवरच्या तक्त्यात त्या बिचाऱ्याला अगदी शेवटाकडे जागा. बाई म्हणत, "तो शब्दाच्या पोटात लपतो. आपण त्याला पकडायचं." मग त्या फळा, डोळा, खिडकी, बाळ असं म्हणत जात आणि 'ळ' ऐकू आला की मुलं टाळी वाजवत. खिडकीलाही दोघंतिघं वाजवतच. नंतर माझी पाळी. "'ल'ला जीभ दातांमागे. 'ळ'ला ती मागे दुमडायची, टाळूला टेकवायची आणि पुढे सोडायची. बघा आरशात!" मुलांच्या श्वासानं मी धुरकट व्हायचो आणि बाई मला रुमालानं पुसायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

त्यातच एक मुलगी आली. दिवसभर तोंड चालू, म्हणून घरच्यांनी तिला नाव ठेवलेलं टकळी. पंचाईत अशी, की तिला 'ळ' येत नसे. कुणी विचारलं की ती ठसक्यात सांगे, "मी टकली!" आणि डोक्यावर चांगल्या दोन जाड वेण्या! ऐकणारे पोट धरून हसत. तिला न्यायला येणारी आत्या तर दारातल्या बायकांना मुद्दाम थांबवी. "जरा ऐका हो गंमत. सांग गं, तू कोण?" आत्या वाईट नव्हती. तिला ते गोडच वाटे. आधी टकळीही हसायची. मग एकदा सगळे हसत असताना तिनं हळूच आपल्या वेणीला हात लावून पाहिला. बाईंच्या टेबलावरून मला ते दिसलं.

बाईंनाही दिसलं होतं. त्या आत्याला म्हणाल्या, "तिला हसू नका. जीभ आता कुठे वळायला लागली आहे."

"अहो बाई, एवढंसं पोर ते! मोठी झाली की येईल आपोआप."

"येईल हो. पण तोवर तिनं बोलत राहायला हवं ना?"

पुढे बाईंची बदली झाली. नव्या बाई म्हणाल्या, "आरसा कशाला वर्गात? मुलं नुसती तोंडं वेंगाडतात." माझी रवानगी खडूच्या कपाटात झाली. अंधारात मला ऐकू तेवढं येई. सगळा वर्ग एका सुरात ओरडे, "टकली! टकली!" टकळीचा आवाज मात्र कमी कमी होत गेला. मग तो येईनासाच झाला.

एके दिवशी नव्या बाईंनी तिला खडू आणायला पाठवलं. कपाट उघडलं. टकळीनं मला पाहिलं, फ्रॉकच्या टोकानं पुसलं आणि आ केला. जीभ वर गेली, मागे दुमडली, टाळूला टेकली. अगदी बाईंनी शिकवली होती तशी! माझा जीव कासावीस झाला. बोल गं, एकदा तरी बोल! जीभ पुढे सुटली. पण नुसता श्वास आला आणि मी धुरकट झालो.

दारात आत्या नव्या बाईंना सांगत होती, "घरीसुद्धा तोंड उघडत नाही हो. आमची टकळी बंदच पडली." या वेळी कुणी हसलं नाही.

टकळीनं मला पालथं ठेवलं आणि दार लावलं.

मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. मी फुटलो तर दुसरी काच मिळेल. पण कुणाची जीभ एखाद्या अक्षराशी अडली, तर तेवढं हसू नका हो. टकळीला 'ळ' आला होता. तो फक्त मी पाहिला, आणि आत्याला जाऊन सांगायला मला तोंड नाही.