टोपलीतली आई

अंगणात गाडी वळली की फ्लॉस कुत्री आपणहून उठायची आणि चुलीजवळच्या टोपलीत जाऊन कुशीवर पडायची. कोणाला हाक मारावी लागत नसे. बाबांना पुरून दोन आठवडे झाले होते तेव्हा मेनिरनं हे पहिल्यांदा पाहिलं, आणि पिल्लू बघायला आलेल्या जोडप्यानं "किती शांत आई आहे हो," म्हटल्यावर तिला सगळा उलगडा झाला.

कायदा साधा होता. विकायचं पिल्लू गिऱ्हाइकाला त्याच्या आईजवळच दाखवायचं. बाबांनी, म्हणजे ट्युडरनं, दुधाच्या गाई काढून पिल्लांच्या धंद्यासाठी गोठ्यात कुत्र्या ठेवल्या, त्याला वीस वर्षं झाली होती. गोठ्यातल्या त्या आया माणसाचा हात दिसला की जमिनीला चिकटायच्या. त्या दाखवायच्या कशा? म्हणून फ्लॉस. तिला स्वतःला पिल्लं होऊन किती वर्षं लोटली होती कोण जाणे, पण कुणाचंही पिल्लू पोटाशी ठेवलं तरी ती हलायची नाही.

पैदाशीचा परवाना असलेला माणूस वारला की तीन महिने तो परवाना वारसाकडे राहतो, असं कौन्सिलच्या माणसानं फोनवर सांगितलं होतं. त्या मुदतीत मेनिरनं एकोणीस कुत्र्या प्राण्यांच्या संस्थेकडे पाठवल्या. एकच उरली, उशिरा व्यायलेली. तिची पाच पिल्लं. त्यांतली चार फ्लॉसच्या कुशीतून गेली, आणि मेनिर दर वेळी गप्प राहिली. बाबांना जाऊन कितीसे दिवस झालेत, लोकांच्या तोंडी त्यांचं नाव आत्ताच कशाला द्यायचं, असं ती स्वतःला सांगायची. त्या खोऱ्यात नावाखेरीज त्यांचं दुसरं काही उरलंच नव्हतं.

पाचव्यासाठी एअरलिस मावशी आल्या. गावच्या चॅपलमध्ये प्रार्थनेला ऑर्गन वाजवणाऱ्या. त्यांचा कुत्रा जॅक वसंतात गेला होता. त्यांनी केक आणला होता, तो कापला, चहा घेतला, मेनिरची कार्डिफच्या वाचनालयातली नोकरी कशी चाललीय ते विचारलं. मग पिल्लू मांडीवर घेऊन टोपलीकडे पाहत म्हणाल्या, की कान अगदी आईवर गेलेत.

आणखी एक घोट, आणि सगळं निभावलं असतं. मेनिरनं कप खाली ठेवला.

"ती याची आई नाही, मावशी."

ती गोठ्यात गेली आणि खऱ्या आईला उचलूनच घेऊन आली, कारण तिला चालत येणं जमलं नसतं. फरशीवर ठेवताच कुत्री भिंतीला टेकली आणि एकेक पाय उचलू लागली. गुळगुळीत जमीन तिला ठाऊक नव्हती. पिल्लू मांडीवरून धडपडत उतरलं आणि तिच्या पोटाखाली शिरलं. तिनं मान दुसरीकडे वळवली, पण हलली नाही.

मावशींनी मांडीवरचे केस झटकले.

"नऊ वर्षांपूर्वी माझ्या जॅकचीही आई हीच होती," त्या फ्लॉसकडे मान हलवत म्हणाल्या. "माझ्या बहिणीच्या कुत्रीचीसुद्धा. दर वेळी म्हणे पहिलटकरीण. अगं, सगळ्यांना ठाऊक होतं, पोरी."

"मग घेतलंत कशाला?"

"पिल्लू गोड होतं. आणि ट्युडरला विचारायचं कोणी?"

मेनिरला दफनाचा दिवस आठवला. चॅपल भरलेलं, चार सुरांत स्तोत्रं गाणारे ते सगळे लोक. एवढ्या गर्दीत न कळलेली ती एकटीच होती.

मावशींनी पिल्लू शालीत गुंडाळलं. चॅपलमध्ये काही बोलणार नाही, असं दारात म्हणाल्या. मग सगळ्यांना ठाऊकच असताना त्याचा काही उपयोग नाही हे लक्षात आल्यासारख्या हसल्या आणि गेल्या. भिंतीजवळच्या कुत्रीचं नाव त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मेनिरला सांगता आलं नसतं. कागदावर नुसता नंबर होता.

गाडी फाटकाबाहेर पडली. फ्लॉस अजून टोपलीतच होती, कुशीवर, पोट उघडं टाकून. गाडी लांब गेली की बाबा काय म्हणायचे, ते मेनिरनं लहानपणी माडीवरून हजारदा ऐकलं होतं. गाईंची धार काढून झाल्यावरही ते तेच म्हणायचे.

"झालं. ऊठ आता," मेनिर म्हणाली.

फ्लॉसनं कान टवकारले. तिच्याकडे न पाहता, बाबा जिथून आत यायचे त्या दाराकडे पाहिलं, आणि तशीच पडून राहिली.

मेनिर फरशीवर बसली, दोघींच्या मध्ये, आणि दाराकडे पाहू लागली.