पोटावरचा उंचवटा

"मान उचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी तपासणीच्या टेबलावर उताणी पडले होते. मान उचलली तसा पोटाच्या मधोमध, बरगड्यांपासून बेंबीच्या खालपर्यंत, पालथ्या होडीसारखा एक उंचवटा वर आला.

शेजारी उभे असलेले माझे यजमान खुशीत आले. "बघितलंत? स्नायू. नऊ वर्षांची मेहनत आहे. रोज शंभर सिटअप."

यजमान शाळेत व्यायामशिक्षक आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात, त्यांची आईही म्हणते, आणि भांडायचं असलं की मीही म्हणते. जुळी झाल्यावर माझं पोट आत जाईना, तेव्हा सरांनी मला सकाळी सहाला सतरंजीवर आडवं केलं, ते आजतागायत. पोट काही आत गेलं नाही. मी वाचनालयात काम करते तिथे दर वर्षी दोघं-तिघं तरी विचारतात, "कितवा महिना?" मुलं चौथीत आहेत हे समजावत बसायचा कंटाळा येतो, म्हणून मी "सातवा" म्हणून मोकळी होते. पण मान उचलली की हा उंचवटा यायचा आणि सर म्हणायचे, "येतोय. आकार येतोय."

डॉक्टरीणबाईंनी उंचवट्यावर तीन बोटं आडवी ठेवून दाबली. मग चौथं ठेवलं. चारही बोटं काही कुरकुर न करता आत गेली. माझ्यात एवढी रिकामी जागा आहे, याची मला कल्पना नव्हती.

"सर," त्याही सरच म्हणाल्या, "हा स्नायू नाही. स्नायू इकडे आहे आणि तिकडे आहे. दोन उभे पट्टे. बाळंतपणात लांब गेले, ते परत जवळ आले नाहीत. मधे आहे तो ताणलेला पापुद्रा. आणि त्याच्या आडून वर येतंय ते यांचं आतडं."

सर वाकून माझ्या पोटाकडे बघायला लागले. मी मान खाली टेकली. उंचवटा आत गेला, आणि आपण काही दडवल्यासारखं वाटलं.

"पण मग सिटअप?" सरांनी विचारलं.

"हा असा वर येत असताना केलेला प्रत्येक सिटअप आतून पापुद्र्यावर दाब देतो. बेंबीपाशी तर भोक पडलंय, हर्निया. याला वेगळे व्यायाम असतात, बऱ्याच जणींना तेवढे पुरतात. यांचं काम आता त्यापुढे गेलंय. भोक बंद करू, दोन्ही पट्टे मधे आणून शिवू, आधाराला जाळी बसवू. फार दिवस थांबू नका. आतडं अडकलं तर धावपळ होईल."

सरांचे ओठ हलत होते. गुणाकार चालला होता. मी तो आधीच करून ठेवला होता: नऊ वर्षांचे सिटअप, सव्वातीन लाखांच्या वर.

जिन्यात सर कठड्याला धरून थांबले.

"माझा वर्ग," ते म्हणाले.

सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर सतरंजीवर मी एकटी नसते. माझ्यामागे अकरा जणी असतात, सगळ्या लेकुरवाळ्या. सर दर महिन्याला त्यांच्या उंचवट्याला दहापैकी गुण देतात. बेकरीवालीला गेल्या खेपेला नऊ मिळाले, तेव्हा तिने वर्गाला केक वाटला होता.

"हळूहळू बंद करतो," सर म्हणाले. "गुडघ्याचं कारण सांगतो."

"कुणाच्या गुडघ्याचं?"

"माझ्या."

"तुम्ही त्यांना खरं सांगितल्याशिवाय मी ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही."

"अगं, आतडं अडकेल म्हणाल्या त्या."

"म्हणूनच उद्या सांगायचं. परवा नाही."

घरी सासूबाई म्हणाल्या, "आम्हालाही मुलं झाली. आमची पोटं कुणी शिवली नाहीत." मग आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, पोटावरचा पदर सारखा करत.

दुसऱ्या दिवशी सहाला सर मैदानावर उभे राहिले. घसा खाकरला. सर बोलत नाहीत म्हटल्यावर अकरा जणींनी शिस्तीत आपलं आपण सुरू केलं. हात मानेमागे, गुडघे दुमडलेले, एक. आज मी सरांशेजारी उभी होते; एरवी कायम पुढच्या रांगेत आडवी असल्यामुळे वर्ग उभ्याने कधी पाहिलाच नव्हता. अकरा माना वर आल्या आणि टी-शर्टांखालून सात उंचवटे उठले. साती जणी मान तशीच धरून सरांकडे बघत होत्या, शाबासकीसाठी.

"खाली," सर म्हणाले. "सावकाश. कुशीवर वळा. आणि ऐका."

मग त्यांनी सांगितलं. काही वगळलं नाही. गुण दिले होते, तेही चुकून नव्हे तर मुद्दाम कौतुकाने दिले होते, हे स्वतःहून सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा पत्ता दोनदा सांगितला. मधे कुणी उठलं नाही, कुणी रागावलंही नाही. ते झालं असतं तर बरं वाटलं असतं.

बेकरीवाली पुन्हा उताणी झाली. तिने टी-शर्टाखाली हात घातला, मान जराशी उचलली, आणि आभाळाकडे बघत नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सर, तीन बोटं जातायत. अजून घालू का?"

सर तिच्या सतरंजीच्या कडेला बसले. "नको," ते म्हणाले. "मान टेक आधी."

दुपारी मी सही केली.