पाठ असलेला बाक

बोल म्हणता? बोलतो. जन्मभर माणसं माझ्यावर बसली, आणि आता म्हणे तूही काही सांग. मी बाक बोलतोय, तुरुंगाच्या भेटीच्या खोलीतला. मला शाळा नाही, गोड बोलणं नाही. ऐकायचं तर ऐका.

माझा जन्म आतलाच. तुरुंगाच्या सुतारकामाच्या शेडमध्ये एका कैद्यानं मला घडवलं. बाहेर असताना तो थोरल्या भावाबरोबर दारं-खिडक्या करायचा. मला पाठ लावायला घेतली तसा पहारेकरी खेकसला, "बाकाला पाठ कशाला? भेटायला येणारे काय डुलक्या काढतात?"

"उरलेली फळी आहे साहेब, वाया जाईल."

खोटं! चांगली अख्खी फळी होती. शेजारी पॉलिश मारणाऱ्या कैद्याला तो हळूच म्हणाला, "आईची कंबर धरते रे. नंबर लागेपर्यंत ताटकळते बिचारी."

त्याच पॉलिशवाल्याला त्यानं एकदा खरं काय ते सांगितलं. मी तिथंच उलटा पडलो होतो, पाय वर करून. टेम्पो थोरला चालवत होता, पिऊन. सायकलवाला चाकाखाली गेला. थोरला रडला, "मला लेकरं आहेत, तू सडाफटिंग. तू चालवत होतास म्हण. वकील महिन्यात सोडवतो." हा बरं म्हणाला. झालं! वर्षं गेली, कसला वकील नि कसलं काय.

"आणि आईला?" पॉलिशवाल्यानं विचारलं.

"ते दादानं सांगायचं. कबूल केलंय त्यानं."

मग मला भेटीच्या खोलीत मांडलं, जाळीच्या बाहेरच्या बाजूला. आई यायची. थोरला तिला हाताला धरून आणायचा. ती टेकून बसायची आणि तोंड सोडायची. "मेल्या, बापानं कधी थेंबाला शिवलं नाही, आणि तू पिऊन माणूस मारलास! त्याच्या बायकोच्या तोंडाकडं बघवत नाही मला."

धाकट्यानं जन्मात दारू चाखलेली नाही. तो मान खाली घालायचा. आणि थोरला? मूग गिळून बसायचा, टेम्पोच्या किल्लीनं माझी कड उकरत. अरे, मी काय तुझ्या बापाचं लाकूड आहे?

धाकटा दर भेटीला एकच विचारायचा, "आई, बाक डुगडुगत नाही ना गं?"

"बाकाचं काय घेऊन बसलास! डोकं फिरलंय या पोराचं." पण उठताना ती माझ्याच पाठीला धरून उठायची. मला कोणी घडवलं ते तिला कळलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं माझ्यावर बसायचंच सोडलं असतं.

एके दिवशी थोरला एकटाच आला. बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "आई गेली."

धाकट्यानं जाळी घट्ट धरली. विचारलं, "सांगितलंस तिला?"

"सांगणारच होतो रे. पण तिची तब्येत..."

"म्हणजे मीच प्यायलो होतो, असं समजून गेली."

थोरला निघून गेला. 'चुकलो' एवढा शब्दही तोंडातून निघाला नाही. पुन्हा फिरकला नाही.

परवा माझा एक पाय खरंच डुगडुगायला लागला. दुरुस्तीला धाकट्यालाच बाहेरच्या बाजूला आणलं. त्यानं पाचर मारली, पाय बसवला, अंगावरून रंधा फिरवला. मग आई बसायची तिथं बसला, टेकून. जाळीपलीकडं स्वतःच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला. पहारेकरीही त्या दिवशी खेकसला नाही.

उठताना त्याचं बोट किल्लीच्या खाचेवर गेलं. खाच बुजवायला सरस, भुसा हाताशी होता. पण त्यानं ती भरली नाही.

"ती राहिली की रे," पहारेकरी म्हणाला.

"राहू द्या साहेब. ज्यानं केलीय त्याला सापडायला नको?"

तर बाबांनो, इथं आलात तर टेकून बसा, पाठ त्यासाठीच आहे. आणि पलीकडच्याला शिव्या घालायच्या आधी शेजारी कोण बसलंय ते बघा. मीही थकलोय. चुलीत जायच्या आत एकानं येऊन माफी मागावी, आधी मला घडवणाऱ्याची, मग माझ्या कडेची. कोणी म्हणून काय विचारता? त्याच्या थोरल्या भावानं.