येते म्हटलं होतं

कूलर कितीही घरघरू दे, फाटकाची कडी वाजली की मयुराला ऐकू येतंच. वाजलेली नसली तरी येतं. हातातलं काम टाकून ती दारात जाते, फाटकाशी कोणी नसतं, आणि मग स्वयंपाकघरातून तिच्या आई, कामिनीबाई, विचारतात, "कोन हाय वं?"

"कोणी नाही."

"मंग काहून पाहून राहिली तिकडं?"

याला उत्तर होतं, पण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

एप्रिलमध्ये मयुरा चर्चच्या मिशन टीमबरोबर टांझानियाला गेली होती, एका बालगृहात. गाणी, चित्रं, बायबलच्या गोष्टी, उरलेल्या वेळात पोरांची नखं काप. बर्डीच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभी राहणारी ही मुलगी. आपल्याला लेकरांचं वेड आहे हे तिला तिथे गेल्यावर कळलं. नीमा नावाची एक लहानगी तर तिच्या ओढणीचं टोक सोडायची नाही. नीमाची आई कुठे गेली, हे त्या लेकराला कोणी सांगितलं नव्हतं. ती विचारायची, आणि मोठी माणसं विषय बदलायची.

निघायच्या दिवशी नीमा फाटकापर्यंत आली. मयुराने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्याकडे कोणीही म्हणेल तेच म्हटलं, "येते हं." आपल्यात दारातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, ते अशुभ. मेलेलं माणूस तेवढं जातं, बाकी सगळे येतात. हे तिकडच्या लेकराला काय ठाऊक? बालगृहाच्या ग्रेस मॅडमनी अर्थ विचारला, मयुराने इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवला, मॅडमनी तो स्वाहिलीत सांगितला, आणि नीमाने ओढणी सोडली. किती शहाणी पोर, असं मयुराला तेव्हा वाटलं. बावळट होती मयुरा, दुसरं काय.

महिन्याभराने मॅडमनी मोठ्या कौतुकाने व्हिडिओ पाठवला. नीमा फाटकाजवळच्या दगडावर बसलेली. कडी वाजली की उठून बघते. जेवायला हाक मारली तर मान हलवते आणि चक्क मराठीत सांगते, "येते." म्हणजे, मयुरा येते आहे.

तेव्हापासून मयुराने स्वतः तो शब्द टाकला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, तशी ती दुकानातून निघताना नुसती मान हलवायची. पुन्हा तिकडे जाणं काही तिच्या हातात नव्हतं. चर्चची पुढची टीम दुसऱ्याच देशात निघाली होती.

आणि रविवारी तिला चर्चमध्ये साक्ष द्यायची होती. साक्ष म्हणजे काय, तर थोडे फोटो, थोड्या गोड गोष्टी आणि शेवटी आमेन. फाटकाशी बसवून ठेवलेल्या लेकराची साक्ष कोण देतं?

"त्याच्या आधी मी नीमाले खरं सांगून टाकतो," ती आईला म्हणाली. "येणार नाही म्हणून. 'जाते' म्हणतो."

"लेकराले 'जाते' म्हणशील? असं बोलत नाही वं. पाहू दे वाट. विसरून जाईन हळूहळू."

"तिच्या मायचंही कोणी सांगतलं नाही तिले. विसरली काय ते?"



शनिवारी दुपारी मयुराने व्हिडिओ कॉल लावला. मॅडमनी फोन फाटकाशी नेला. मयुराने सगळं सांगितलं. मी चुकीचं बोलले, मला येता येणार नाही, तू माझी वाट बघू नकोस, वेळेवर जेवत जा. मॅडम एकेक वाक्य समजावत गेल्या. शेवटी मयुरा म्हणाली, "जाते, नीमा."

नीमा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती जरा वेळ फोनकडे बघत राहिली, मग फाटकाकडे, आणि मॅडमच्या कानात काहीतरी बोलली. मॅडम हसल्या. "ती म्हणते, तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या. तीच निघेल तिकडे यायला."

नीमा दगडावरून उठली. फ्रॉक झटकला. आणि मयुराने निघताना म्हटलं होतं अगदी तसंच, हसून, म्हणाली, "येते हं."

दिवे लागायच्या वेळी कामिनीबाई रोजच्यासारख्या फाटकाला कडी घालायला निघाल्या. न घातली तर गल्लीतली कुत्री आत येतात.

"राहू दे, आई," मयुरा म्हणाली.

"काहून वं? कोणी येणार हाय काय?"

मयुराला 'नाही' म्हणता येईना. कामिनीबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कडी न घालताच त्या घरात परत आल्या.