आतल्या कडेचा बर्फ

शुभ्र. वर शुभ्र, खाली शुभ्र, आणि मधल्या अवकाशातून सावकाश, अगदी सावकाश उतरणारं शुभ्र. हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यात फाल्गुन आला होता, पण त्याची खबर द्यायला इथे एकही पळस नव्हता. चंद्रा नदी हिमाच्या दुलईखाली कूस बदलत होती. भूर्जवृक्षांच्या निष्पर्ण फांद्यांवरून प्रकाश कणाकणाने सांडत होता आणि थंडी अशी, की बोललेला शब्द ओठांपुढे धूर होऊन क्षणभर थबकायचा.

त्या शुभ्रात दोन रंगांचे ठिपके. एक निळा, एक केशरी. साताऱ्याच्या दोन बायका, चाळिशी ओलांडलेल्या, कानटोप्यांतून डोळे तेवढे उघडे ठेवून बर्फातल्या शर्यतीला उभ्या होत्या. निळी ती शुभदा मोहिते. केशरी ती रेहाना मुलाणी. कोणी सांगितलं होतं एवढ्या लांब तडफडायला? रेहानाने सांगितलं होतं.

"ए शुभे, गुडघा काय म्हणतोय?"

"म्हणतोय, घरी जाऊ."

"त्याला म्हणावं, चालत लई लांब हाय. पळतच जाऊ."

गेल्या वर्षी यवतेश्वरच्या घाटात, उतरताना, बारीक खडीवरून शुभदाचा पाय निसटला होता. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, कुबड्या आल्या, कुबड्या गेल्या, डॉक्टरांनी पळायची मुभा दिली. मग ती सपाटीवर पळू लागली. चढावर पळू लागली. पण उतार दिसला की पावलं आपोआप मंदावायची, हात आधार शोधायचे, आणि ही एकेकाळची वायुवेगी मुलगी जपून जपून चालत खाली यायची. गुडघा बरा झाला. भीती तशीच राहिली.

आजची वाट अर्धी चढाची, अर्धी उताराची. आजही उतार चालतच उतरावा लागला, तर पळणं कायमचं सोडायचं, असं तिने ठरवलं होतं. रेहानाला ते तिने सांगितलं नव्हतं. रेहानाला ते ठाऊक होतं.

शिट्टी झाली. हिम कुरकुरलं. चढ सुरू झाला आणि चढाबरोबर स्मृतीही सुरू झाली.

हेमंतातल्या त्या धूसर पहाटा! धुक्यात बुडालेला अजिंक्यतारा, कुठूनसा येणारा हुरड्याचा खरपूस वास, आणि घाटाकडे धावत सुटलेल्या दोन सडपातळ पोरी. गल्ली संपेपर्यंत सलवार, पुढे धावायची चड्डी. मागून लूनावर खेळाचे माने सर, मफलरमध्ये गुंडाळलेले, ओरडत. "आतली कड धरा गं पोरींनो! बाहेरून दरी हाय आणि ट्रक हाय, दोन्ही वंगाळ!" आणि पोरी प्रत्येक वळणाला डोंगराच्या कुशीला बिलगून वळायच्या. एक वळण एकीने पुढे राहायचं, दुसरं वळण दुसरीने. पाळी देताना एकच शब्द. घे.

त्या शब्दावर त्यांनी उभं तारुण्य पळून काढलं. लग्नं झाली, मुलं झाली, केस पांढरे झाले, पण पाळीपाळीने पुढे राहायचा नेम कधी मोडला नाही. शुभदाला त्या पहाटांची फार आठवण आली. ते धुकं परत हवं होतं तिला. ते बेफिकीर पाय परत हवे होते.

हिमाच्छादित वाट वळत राहिली. घे. वारा बोचरा झाला. घे. आणि मग चढ संपला. माथ्यावर रंगीबेरंगी प्रार्थना-पताका फडफडत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे नीलधवल, निःशब्द, निसरडा उतार पसरला होता.

रेहाना बाजूला झाली. "घे."

शुभदा थांबली. मागचे स्पर्धक पुढे गेले, आणखी काही गेले. रेहाना जागच्या जागी पाय आपटत राहिली, वाहतं नाक हातमोज्याला पुसत राहिली.

"माझ्यासाठी थांबू नकोस गं. जा तू."

"थांबलेय कुठं? तुझी पाळी हाय. तुझ्या पाळीत मी कशी पुढं जाऊ?"

शुभदाने उताराकडे पाहिलं. तिने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. तिसरं पाऊल चालण्याचं होतं की पळण्याचं, हे त्या पावलालाही ठाऊक नसावं. पण चौथं नक्की पळालं. मग वारा कानांत शिरला, श्वासाला लय आली, आणि उतार, तो वैरी उतार, तिला हलकेच खाली ओढू लागला.

समोर वळण आलं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, जराही विचार न करता, शुभदाने आतली कड धरली.

आता साताऱ्यात आतल्या कडेला डोंगर असतो. इथे आतल्या कडेला वाऱ्याने रात्रभर लोटून ठेवलेला बर्फ होता, भुसभुशीत, अथांग. सगळी शहाणी माणसं मधल्या तुडवलेल्या वाटेने चालली होती. शुभदा थेट कमरेपर्यंत गेली, कोलमडली, दोन्ही हात पसरून पालथी पडली. आणि माने सरांची दुसरी आज्ञाधारक विद्यार्थिनी मागोमाग आतली कड धरून आली आणि तिच्या शेजारी तश्शीच आदळली.

काही क्षण नुसतं शुभ्र.

वर्षभर जिला ती भ्याली होती, ती घडी येऊन गेली होती. शुभदाने श्वास रोखून गुडघा वाकवला. वाकला. सरळ केला. झाला. हिमाने तिला अलगद झेललं होतं, गादीवर निजवावं तसं. पापण्यांवर बर्फ, नाकात बर्फ, गळ्यातून आत ओघळणारा बर्फ. तिला आधी रडू आलं, आणि मग कसलं रडू! ती हसायला लागली. रेहानाही हसायला लागली. दोघी पोरींसारख्या, पोट धरधरून, दरी दणाणेपर्यंत हसल्या.

"अजून एकदा पडायचं का गं?" शुभदा म्हणाली.

उत्तराची वाट न पाहता ती उठली आणि सुसाट सुटली. हात मोकळे, पाय मोकळे, उतारावर उतार, वळणावर वळण. मागून केशरी ठिपका हाका मारत धावत होता आणि निळा ठिपका थांबत नव्हता.

वर, त्या वळणाशी, बर्फात दोन आकृती उमटून राहिल्या होत्या, शेजारी शेजारी, हात पसरलेल्या. त्यांच्यात नवं हिम उतरत होतं. आधी बोटं भरली, मग हात भरले, मग हळूहळू, अगदी हळूहळू, सगळं भरून आलं.