कान उलटून बघणारा

अरे थांबा, मधे बोलू नका, मला नीट सांगू दे. आमचा मेंढ्यांचा तांडा माळव्यात होता, मंदसौरच्या अलीकडे. आमच्या मुलखातून, गोडवाडातून निघून चार महिने झालेले आणि माझी ती पहिलीच खेप. तांड्याचे म्होरके थानारामकाका, त्यांनी बेचाळीस मेंढ्या माझ्या एकट्याच्या ताब्यात दिलेल्या. वर दम दिलेला, एक जरी कमी भरली तर पुढल्या वर्षी परत सुरतेला, मिठाईच्या दुकानात कढया घासायला. दोन वर्षं घासल्यात त्या कढया मी, तुम्हाला माहीत आहे.

तर सकाळची वेळ. तळ उठत होता, उंटांवर खाटा चढत होत्या, आणि शेजारच्या गोदामाच्या ओट्यावरून अलगूज ऐकू आलं. सूर आमचाच. गावाकडे मेंढ्या माघारी आणताना वाजवतात ना, तोच. वाजवणारा कोण, तर पँट-शर्ट घातलेला, गळ्यात रखवालदाराची शिट्टी आणि डोकं बोडकं. आमचा सूर येतो आणि डोक्याला पागोटं नाही? मला तिथंच खटकलं.

इकडे धापूकाकीची भाकरी तव्यावर जळतेय आणि हिच्या डोळ्याला ओढणी. उंट बांधणारे हात थांबलेले. मलाही आई दिसली, घरच्या वाड्यातल्या लेंड्यांचा वास आल्यासारखा झाला, आणि त्याचाच मला राग आला. म्हटलं, याला हेच पाहिजे असणार. आपण रडत बसायचं आणि मागं टेम्पो लावून यांनी मेंढ्या भरायच्या. आठच दिवसांपूर्वी दुसऱ्या तांड्याच्या अकरा गेल्या होत्या.

वळून बघतो तर माझ्या सात मेंढ्या कळपातून निघून सरळ त्याच्याकडे. त्यानं अलगूज काखेत मारलं, एकीला ओढून घेतलं आणि तिचा कान उलटून बघितला. मग दुसरीचा. आता मला सांगा, कानावरची मालकाची खूण कोण बघतो? ज्याला मेंढी खपवायची असते तो.

मी काठी घेऊन धावलो. "ए, कान सोड."

"सोडला बाबा." बोलीही आमचीच. "हिला थंडीत खोकला येतो का रे अजून?"

"तुला काय करायचंय? टेम्पो कुठं उभा केलास ते सांग."

"टेम्पो? मला धड सायकल येत नाही."

तेवढ्यात काका आले, त्याच्याकडे बघतच राहिले. "खंगारा? पागोटं कुठं टाकलंस?"

"मालक म्हणाला टोपी घाल. ती वाऱ्यानं नेली."

मग काकांनी मला सांगितलं. खंगारजी आमच्या शेजारच्या गावचा. पाच वर्षांमागं पाय मोडला, लांबचं चालणं सुटलं, कळप विकावा लागला. त्यातली सात कोकरं काकांनी घेतली. कानावर आधी त्याची खूण होती, तिच्याखाली काकांनी आपली मारली. काका हे सांगत होते आणि तो पुन्हा वाजवायला लागलेला.

तरी माझा संशय जाईना. ओळखीचा माणूस चोर नसतो असं कुणी सांगितलंय? म्हटलं, "काका, याला बंद करायला सांगा."

"मेंढ्या तुझ्या ताब्यात आहेत. तूच सांग."

"एवढं संपू दे की रे मेल्या," काकी म्हणाली.

"नाही. बंद कर," मी म्हटलं.

खंगारजीनं लगेच थांबवलं. मी हाक दिली, पस्तीस मेंढ्या चालू लागल्या. त्या सात तिथंच, त्याच्याकडे तोंड करून. ढकललं, काठी आपटली. चार पावलं जायच्या की परत. मला सुरतेच्या कढया दिसायला लागल्या. आता हा म्हणणार, राहू दे या माझ्यापाशी. मी वाटच बघत होतो.

तो उठला, लंगडत गोदामात गेला आणि आतून कडी घातली.

मेंढ्या बराच वेळ दाराकडे बघत राहिल्या. मग ती खोकणारी वळली आणि बाकीच्या तिच्यामागं.

सडकेपाशी मी मोजल्या.

"भरल्या?" काकांनी विचारलं.

"बेचाळीस."

"मग हाक दे. ट्रक यायच्या आत ओलांडू."

मी मागं वळून गोदामाच्या त्या बंद दाराकडे बघत राहिलो. शेवटी धापूकाकी पुढं झाली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तिनंच हाक दिली.