पातेल्याचा पत्ता

यशोदाबाईंनी पन्नास माणसांचं पातेलं पालथं घातलं आणि काठाखाली चिकटवलेलं बटणाएवढं यंत्र सुरीच्या टोकाने उचकटून काढलं. ते त्यांनी जुन्या साडीच्या पदरात गाठ मारून बांधलं. दारात इगतपुरीची भांडीवाली भागीबाई बसली होती. साडीच्या बदल्यात यशोदाबाईंनी चहाची एक गाळणी घेतली, तीही घासाघीस न करता. भागीबाईला नवलच वाटलं.

सातपूरच्या त्या कॉलनीतलं पातेलं वर्गणीतून आलेलं, म्हणजे कुणाच्याच मालकीचं नाही. बारसं असो की पौर्णिमेची खीर, ज्याच्याकडे कार्य त्याच्याकडे ते जायचं आणि पुढचा मागायला येईपर्यंत तिथेच मुक्काम ठोकायचं. सध्या ते कुणाकडे आहे, हे एकट्या यशोदाबाईंना ठाऊक असायचं. विचारायला आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय सुटत नसे, आणि चहाबरोबर अख्ख्या गल्लीची खबरबात त्यांना घरपोच मिळे. नवरा गेल्यापासून, खरं सांगायचं तर, त्या यावरच जगत होत्या.

मग समोरच्या रोशनीने ऑनलाइन हे बटण मागवलं. तिला असल्या गमतीजमतींचा भारी नाद. टाळी वाजवली की लागणारा दिवा, पाणी प्यायची आठवण करून देणारी बाटली. हरवलेल्या किल्ल्या शोधायचं बटण तिने पातेल्याला लावलं आणि पातेल्याचा पत्ता मोबाइलवर दिसू लागला. तीन महिन्यांत यशोदाबाईंचं दार कुणी वाजवलं नाही. आज दुपारी शेजारच्या लखनच्या ओट्यावर पातेलं बेवारस दिसलं आणि त्यांची नियत फिरली.

संध्याकाळी गल्लीत एकच कल्ला उडाला. उद्या नवसाबाईंच्या नातवाचं नामकरण, आणि मोबाइलवर पातेलं घोटी ओलांडत होतं.

"अगं, ते इगतपुरीला कशाला चाललंय?" नवसाबाई ओरडल्या.

"रेल्वेच्या रुळावरून चाललंय," रोशनी म्हणाली. "स्पीड पण चांगलाय."

"माझ्या ओट्यावरच होतं, आईशप्पथ!" लखन रडकुंडीला आला. "एवढं धूड घेऊन गाडीत कोण चढलं?"

पाच मिनिटांत यशोदाबाईंच्या दारात अकरा जोडी चपला जमल्या.

"मावशी, आता तुम्हीच सांगा. कुणी नेलं असेल?"

"आधी बसा तर," त्या म्हणाल्या. चेहरा गंभीर ठेवताना त्यांना फार कष्ट पडत होते. चहाचं आधण ठेवून त्यांनी आठवायला सुरुवात केली. पातेलं कुणाच्या साखरपुड्याला गेलं, झाकण लखनच्या सासुरवाडीला कसं राहिलं, कुणाची खीर बुडाशी लागली. ती खीर आपलीच, असं नवसाबाईंनी हसत कबूल केलं. उद्याची काळजी कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

कप कमी पडले. रोशनी उठून आत गेली, आणि यशोदाबाई वाक्य अर्धवट सोडून थांबल्या. आत भिंतीला टेकून पातेलं बसलं होतं. वर गोधडी टाकलेली होती, पण एवढी मोठी गोधडी त्यांच्याकडे नव्हतीच. दोन्ही कान उघडे पडले होते.

रोशनी बाहेर आली ती पाच कप घेऊन. तिने चहा गाळला, सगळ्यांना दिला, मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला आणि यशोदाबाईंच्या अगदी शेजारी मांडी घालून बसली.

"मावशी," ती म्हणाली, "मला नीट कळलं नाही. पहिल्यापासून सांगा ना. पातेलं घेतलं, त्या वर्षापासून."